अपुऱ्या यंत्रांचा धनी : चार्ल्स बॅबेज



संगणकशास्त्र शिकणारा दादा किंवा ताई ज्यांच्या घरी आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे असेल. टेबलावर एखादे उपकरण उघडून ठेवलेले, त्याचे स्क्रू एका वाटीत, आणि ते पुन्हा जोडून व्हायच्या आतच बाजारात आलेल्या नव्या उपकरणाची माहिती शोधणे सुरू! आईचा आग्रह असतो की आधी हे आवर. दादाचे म्हणणे असते की नवीन याहून कितीतरी सरस आहे, मग जुन्यावर वेळ कशाला घालवायचा? सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ज्यांना आपण संगणकाचे जनक म्हणून पाठ करतो, ते चार्ल्स बॅबेज अगदी याच स्वभावाचे होते. या स्वभावामुळेच त्यांना संगणक सुचला, आणि बऱ्याच अंशी याच स्वभावामुळे त्यांच्या हयातीत तो झाला नाही.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. वडील बँकेच्या व्यवसायात असल्याने घरची स्थिती उत्तम होती. लहानपणी हाती आलेले खेळणे आतून कसे आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि कोणी सांगितले नाही तर खेळणे फुटलेच म्हणून समजा. आई त्यांना यंत्रांची प्रदर्शने दाखवायला नेई. मर्लिन नावाच्या एका कारागिराने या मुलाची जिज्ञासा पाहून त्याला वरच्या माळ्यावर नेले आणि चांदीच्या दोन लहान बाहुल्या दाखवल्या. त्या किल्लीवर चालत. त्यातल्या एका नर्तकीच्या बोटावर पक्षी बसलेला होता. मुलगा ते दृश्य विसरला नाही. पुढे १८३४ साली हीच नर्तकी लिलावात निघाली, तेव्हा बॅबेज यांनी ३५ पौंड देऊन ती घेतली, दुरुस्त केली आणि दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी मांडली. पाण्यावर चालता यावे म्हणून पायांना बिजागरीच्या फळ्या बांधून ते डार्ट नदीतही उतरले होते. त्या प्रयोगात जिवावर बेतले होते, एवढेच सांगतो. कोणी करून पाहू नये!

१८१० मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथील गणित जुन्या वळणाचे आहे असे वाटल्यावर जॉन हर्शल आणि जॉर्ज पीकॉक या मित्रांसह १८१२ मध्ये त्यांनी एक मंडळ काढले आणि कलनशास्त्रात लायब्निट्झची चिन्हपद्धती इंग्लंडमध्ये रुजवली. १८१४ मध्ये जॉर्जियाना व्हिटमोर यांच्याशी विवाह झाला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आपल्याकडे अकरावी-बारावीची मुले लॉगची पुस्तिका वापरतात. त्या काळी असे तक्ते म्हणजे केवळ अभ्यासाची सोय नव्हती. जहाजे तक्त्यांच्या आधारे समुद्रात वाट काढत. खगोलशास्त्रज्ञ, विमा कंपन्या, इंजिनियर सर्वांचा भरवसा त्यांच्यावरच. हे तक्ते माणसे हाताने तयार करीत, आणि कॉम्प्युटर हा शब्द अशी आकडेमोड करणाऱ्या माणसांसाठीच वापरला जाई. आकडेमोडीत चूक, नक्कल करताना चूक, छापखान्यात खिळे जुळवताना चूक. १८२१ मध्ये हर्शल आणि बॅबेज असेच तक्ते ताडून पाहत होते. चुकांमागून चुका निघू लागल्या तेव्हा बॅबेज वैतागले, आणि हे काम वाफेच्या यंत्राकडून करून घेता येईल का हा विचार त्यांच्या मनात बसला.

हे यंत्र कसे चालणार होते ते कागद-पेन्सिल घेऊन पाहा. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग ओळीने लिहा. शेजारच्या संख्यांतील फरक ३, ५, ७, ९ येतात. या फरकांमधला फरक प्रत्येक वेळी २. आता सहाचा वर्ग हवा असेल तर गुणाकार करायचे कारण नाही. ९ मध्ये २ मिळवा, ११ झाले; ते २५ मध्ये मिळवा, ३६ झाले. म्हणजे नुसती बेरीज करता आली की पुरे, आणि बेरीज दातेरी चाकांना शिकवता येते. लॉगसारखे अवघड तक्तेसुद्धा तुकड्यातुकड्याने याच रीतीने करता येतात. म्हणून यंत्राचे नाव डिफरन्स एंजिन. शिवाय उत्तर यंत्रानेच छापायचे, म्हणजे नक्कल करणाऱ्याची आणि खिळे जुळवणाऱ्याचीही चूक टळते. मला ही छपाईची योजना आकडेमोडीइतकीच हुशारीची वाटते.

१८२२ मध्ये लहान नमुना तयार झाला आणि १८२३ मध्ये सरकारने पहिले १५०० पौंड दिले. जोसेफ क्लेमंट या अत्यंत निष्णात कारागिराकडे काम सोपवले. पूर्ण यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते आणि सारखे भाग तंतोतंत सारखे हवे होते. त्यासाठी आधी हत्यारेच नवी घडवावी लागली. काम रेंगाळले. त्यातच १८२७ हे साल काळे ठरले. वडील गेले, मुलगा गेला, पत्नी गेली. बॅबेज वर्षभर युरोपात फिरत राहिले. तिकडेही व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या मुखात उतरून पाहिल्यावाचून ते राहिले नाहीत. या प्रवासात असतानाच केंब्रिजमध्ये न्यूटन यांनी भूषवलेले अध्यासन त्यांच्याकडे आले. ११ वर्षे ते त्या पदावर होते, पण तेथे व्याख्यान म्हणून एकही दिले नाही.

१८३२ मध्ये क्लेमंट यांनी यंत्राचा सुमारे एक सप्तमांश भाग जोडून दिला. तो बिनचूक चालला. तरीही पुढच्याच वर्षी काम थांबले. कार्यशाळा आपल्या घराजवळ आणावी असा बॅबेज यांचा हट्ट, आणि त्याची भरपाई मिळावी अशी क्लेमंट यांची मागणी. तेथल्या रिवाजाप्रमाणे हत्यारे कारागिराची असत, त्यामुळे क्लेमंट ती घेऊन मोकळे झाले.

आणि मग १८३४ मध्ये बॅबेज यांना त्याहून मोठे यंत्र सुचले, अ‍ॅनालिटिकल एंजिन. पहिले यंत्र एकाच पद्धतीची बेरीज करणारे. हे मात्र सांगाल ते गणित करणारे. यात संख्या साठवण्याचा एक भाग, त्याला त्यांनी कोठार म्हटले; आणि गणित करणारा दुसरा भाग, त्याला गिरणी. गिरण्यांच्या गावात आयुष्य काढलेल्या आपल्या आजोबांना ही नावे चटकन कळतील, कारण ती कापडाच्या धंद्यातूनच आली होती. सूचना देण्यासाठी छिद्रांची कार्डे. फ्रान्समध्ये जॅकार्डच्या मागावर अशाच कार्डांनी रेशमावर नक्षी विणली जाई, आणि बॅबेज यांच्याकडे जॅकार्डचे रेशमात विणलेले चित्र होते, ज्याला २४,००० कार्डे लागली होती. आलेल्या उत्तरावरून पुढची पायरी कोणती हे यंत्रानेच ठरवावे, अशीही व्यवस्था त्यांनी योजली. आजच्या संगणकातील मेमरी, प्रोसेसर, प्रोग्रॅम यांची ही कागदावरची पूर्वतयारीच होती.

या यंत्राचे महत्त्व ज्यांनी सर्वात आधी ओळखले त्यांत कवी बायरन यांची कन्या एडा लव्हलेस होत्या. मेनाब्रिया या इटालियन इंजिनियरचा लेख त्यांनी १८४३ मध्ये इंग्रजीत आणला आणि त्याला मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट टिपा जोडल्या. संख्यांखेरीज संगीतासारख्या गोष्टींवरही असे यंत्र काम करू शकेल हे त्यांत लिहिलेले आहे. वयाच्या ३६ व्या वर्षी, १८५२ मध्ये त्यांचे निधन झाले.

इकडे सरकारची अवस्था पाहा. १७,००० पौंडांहून अधिक खर्च झालेला; त्या काळी आगगाडीचे इंजिन ८०० पौंडांच्या आत मिळत असे. पहिले यंत्र अपुरे, आणि यंत्राचे कर्तेच सांगतात की आता त्याहून सरस योजना तयार आहे. १८४२ मध्ये पंतप्रधान पील यांच्या सरकारने हात वर केले. बॅबेज यांच्या चरित्रांत या निर्णयाबद्दल सरकारला बरेच बोल लावलेले आढळतात. मला मात्र त्या मंत्र्यांची थोडी कीव येते. कोणत्या यंत्राला पैसे द्यायचे हे त्यांना कळणार कसे?

दुसरीकडे स्वीडनमध्ये गेओर्ग शॉइट्झ या मुद्रकाने बॅबेज यांच्या यंत्राविषयीचा लेख वाचून आपल्या मुलासह एक साधे डिफरन्स एंजिन बांधायला घेतले आणि १८५३ मध्ये ते पुरे केले. ते बॅबेज यांच्या कल्पनेइतके देखणे नव्हते, पण ते चालत होते. येथे बॅबेज यांचे मोठेपण दिसते. मत्सर न करता त्यांनी शॉइट्झ पिता-पुत्रांचा जाहीर गौरव केला.

मधल्या काळात त्यांनी काय काय केले! डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण १८४७ मध्ये केले, पण ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांना त्याचे महत्त्व उमगले नाही, आणि बॅबेज यांनीही ते तसेच सोडले. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी तेच स्वतंत्रपणे केले आणि श्रेय त्यांच्याकडे गेले. धावत्या आगगाडीचे हेलकावे कागदाच्या लांब गुंडाळीवर नोंदवणारा डबा त्यांनी तयार केला. उतारवयात रस्त्यावरच्या बाजेवाल्यांशी त्यांचे वैर जुंपले. शेजारची टवाळ मंडळी मुद्दाम त्यांच्या खिडकीखाली वाद्ये वाजवीत.

१८४७ ते १८४९ या काळात त्यांनी डिफरन्स एंजिन क्रमांक २ चे आराखडे तयार केले. पहिल्यापेक्षा भाग कितीतरी कमी, रचना सुटसुटीत. तेही कागदावरच राहिले. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी लंडनमध्ये बॅबेज यांचे निधन झाले. आठ मुलांपैकी तिघेच मोठी झाली होती. त्यांतील हेन्री यांनी हिंदुस्थानात लष्करी नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर वडिलांच्या राहिलेल्या भागांतून काही नमुने जोडले. १९१० मध्ये त्यांनी अ‍ॅनालिटिकल एंजिनच्या गिरणीचा एक भागही चालवून दाखवला.

त्या काळची धातूची कारागिरीच अपुरी होती, म्हणून यंत्रे झाली नाहीत, असे पुष्कळ दिवस मानले जाई. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९८५ मध्ये ही शंका कायमची मिटवायचे ठरवले. क्रमांक २ चे मूळ आराखडे काढले, आणि बॅबेज यांच्या वेळी जितकी अचूकता साधत असे तितकीच ठेवून भाग घडवले. १९९१ मध्ये, त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे होत असताना, आकडेमोडीचा भाग पूर्ण झाला. हाताने दांडा फिरवला आणि ३१ अंकी उत्तरे बिनचूक येऊ लागली. छपाईचा भाग राहिला होता, तो २००२ मध्ये जोडला गेला. सारे मिळून ८,००० भाग आणि ५ टन वजन.