झेंडे बदलले, ‘जयभीम’ राहिला

जानेवारीच्या ६ तारखेला बाबू हरदास एल. एन. यांची जयंती आणि १२ तारखेला त्यांचा स्मृतिदिन. आम्ही वाशीम जिल्ह्यातील कार्यकर्ते दिवसातून शंभर वेळा ‘जयभीम’ म्हणतो. हे अभिवादन समाजात रुजविण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते हरदास बिडी कामगारांचे पुढारी होते, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म १९०४ चा. वडील रेल्वेत कारकून, घर कामठीत. १९२१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी ‘महारठ्ठा’ हे साप्ताहिक काढले. पुढे रात्रशाळा चालविल्या, संत चोखामेळा यांच्या नावाने ग्रंथालय उघडले, पोटजाती मोडण्यासाठी सहभोजने घातली. मे १९३२ मध्ये कामठीला अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्यामागेही त्यांचे कष्ट होते.

त्या भागातील अनेक अस्पृश्य कुटुंबांचे पोट बिडीवर होते. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने. ठेकेदाराने खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे श्रम फुकट. घरोघर विखुरलेल्या या हातांना हरदासांनी मध्यप्रांत बिडी मजूर संघात एकत्र आणले. संघाचे काम रामटेक, भंडारा, चांदा असे करीत छत्तीसगडापर्यंत गेले. आमचा वाशीम भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात आणि त्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात होता.

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. आजच्या तरुणांना नवल वाटेल, पण या पक्षाचा झेंडा लाल होता आणि त्यावर अकरा प्रांतांचे अकरा तारे होते. १९३७ मध्ये हरदास याच पक्षातर्फे नागपूर-कामठीतून कायदेमंडळात निवडून आले.

एप्रिल १९३८ मध्ये शेजारच्या नागपुरात देशातील फुटलेल्या कामगार संघटनांनी एकत्र यायचे ठरविले. त्या तडजोडीत झेंड्याचाही सौदा झाला : रंग लाल राहील, पण विळा-हातोडा असणार नाही. संघटनांच्या विलीनीकरणात झेंडा किती अडतो, हे यावरून कळावे.

१२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने हरदास गेले. वय अवघे पस्तीस. कन्हान नदीकाठी त्यांना अखेरचा निरोप दिला गेला. १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची घोषणा झाली, स्वतंत्र मजूर पक्ष मागे पडला आणि निळा झेंडा आला. तो हरदासांनी पाहिला नाही. १९५७ मध्ये फेडरेशनच्या जागी रिपब्लिकन पक्ष आला. त्यानंतर किती गट झाले आणि किती वेळा ऐक्य झाले, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

वकील म्हणून आम्ही एवढेच सांगू इच्छितो. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने दोन संघटनांच्या विलीनीकरणासाठी अट घातली होती : प्रत्येक संघटनेच्या किमान निम्म्या सभासदांनी मतदान करावे आणि त्यातील किमान ६० टक्के मते बाजूने पडावीत. म्हणजे विलीनीकरण सभासद करतात, व्यासपीठावर हात उंचावणारे पुढारी नव्हे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर एका कारखान्यात अनेक संघटना असतील तेव्हा ५१ टक्के कामगार ज्या संघटनेकडे, तिलाच वाटाघाटीचा एकमेव हक्क दिला आहे. गटागटांत विखुरलेल्या कामगाराची यापुढे मालकाशी बोलताना काय पत राहणार?

आमच्या जिल्ह्यात जिनिंगवर, वीटभट्टीवर, बांधकामावर राबणारा माणूस बहुतांशी आपलाच आहे. जयंतीला त्याच्या हाती झेंडा देणारे पुष्कळ आहेत, सभासद-पावती देणारे किती? हरदासांनी आधी बिडी वळणारे हात जोडले. झेंडे बदलत गेले, पण त्यांचा ‘जयभीम’ सर्व गटांना आजही समान आहे. तो ज्यांच्या तोंडी आहे त्यांची एक मजूर संघटना का होऊ नये? या १२ जानेवारीला पुष्पहार थोडे कमी आणू या आणि पावतीपुस्तक सोबत नेऊ या.

जयभीम!