उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर : कान घडवणारा बीनकार

रुद्रवीणा आपण सर्वांनी चित्रांत आणि शिल्पांत पाहिलेली असते. प्रत्यक्ष ऐकलेली मात्र फार थोड्यांनी. दोन मोठे भोपळे, त्यांवर आडवी टेकलेली पोकळ दांडी, तिच्यावर पडदे आणि तारा, असे हे वाद्य उत्तर हिंदुस्थानात ‘बीन’ म्हणून ओळखले जाते आणि ते वाजवणारा तो बीनकार. एके काळी दरबारात मानाचे स्थान असलेली ही बीन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वस्तुसंग्रहालयाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. सतारीचे आणि सरोदचे दिवस आले होते. तेथून ज्या मोजक्या वादकांनी तिला पुन्हा मैफलीत आणले, त्यांत उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. गर्दी त्यांना कधी मिळाली नाही. त्यांनी श्रोते एकेक करून मिळवले, आधी परदेशात आणि मग आपल्या घरी.

त्यांचा जन्म १४ मार्च १९२९ रोजी उदयपूर येथे झाला. ध्रुपद हा डागर घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आणि धर्मही. आजोबा झाकिरुद्दीन खाँ उदयपूरच्या दरबारी, तर त्यांचे बंधू अल्लाबंदे खाँ अलवरच्या. या दोघा भावांची जुगलबंदी त्या काळी दंतकथेसारखी सांगितली जाई. पंडित भातखंडे यांनाही या घराण्याविषयी आदर होता. वडील झियाउद्दीन खाँ हेही उदयपूरचेच दरबारी गवई. त्यांच्याकडून मुलाने आधी गाणे आणि त्याच्या जोडीने बीन उचलली. १९४६ साली वडील गेले तेव्हा थोरला मुलगा झिया मोहिउद्दीन सतरा वर्षांचा होता आणि धाकटा झिया फरिदुद्दीन चौदा वर्षांचा. पुढील वर्षी देश स्वतंत्र झाला, संस्थाने विलीन झाली आणि ज्या दरबाराच्या आधारावर हे घराणे उभे होते तो दरबारच उरला नाही. धाकट्या भावाची राहिलेली तालीम थोरल्याने पुरी केली. सतरा वर्षांचा गुरू आणि चौदा वर्षांचा शिष्य, अशा या जोडीने पुढे जे केले ते समजून घेताना हा प्रारंभ विसरून चालत नाही.

यथावकाश मोहिउद्दीन मुंबईत आले आणि चेंबूरला राहू लागले. याच काळात त्यांचा एक निर्णय पक्का झाला. डागरांच्या घरी बीन होती, परंतु ती मुख्यतः गळ्याच्या साधनेची सोबतीण. सूर कुठे उभा राहतो आणि दोन सुरांमधली वाट कशी चालायची हे तारेवर स्पष्ट दिसते, म्हणून गवय्याने बीन जाणावी, असा तो विचार. तिला रंगमंचावर एकट्याने बसवावे असे या घराण्यात कोणी केले नव्हते. मोहिउद्दीन यांनी ते केले. मात्र जी बीन हाती होती ती या कामाला पुरेशी नव्हती. तिचा आवाज लवकर विझे आणि खर्जाला खोली नव्हती. मग त्यांनी कलकत्त्याच्या कनाईलाल अँड ब्रदर या प्रसिद्ध वाद्यनिर्मात्यांच्या मदतीने वाद्यच नव्याने घडवून घेतले. भोपळे मोठे केले, दांडी जाड केली, तारा जड लावल्या. बीन खांद्यावर घेण्याची रीत बाजूला ठेवून तिला दाक्षिणात्य वीणेप्रमाणे मांडीच्या आधाराने धरले. नखीही काढून टाकली आणि उघड्या बोटांनी तार छेडली. या सगळ्यामुळे आवाज लहान झाला; पण तो टिकू लागला. छेडलेला स्वर विझण्यापूर्वी तार ओढून त्यातून पुढचे स्वर काढावेत आणि ऐकणाऱ्याला जोड कुठे झाला हे कळूही नये, असे काम आता शक्य झाले.

परंपरेचा अभिमान सांगणारे पुष्कळ असतात. परंपरेसाठी वाद्याला हात घालण्याचे धाडस करणारे थोडे. आज जे वाद्य डागर वीणा म्हणून सांगितले जाते आणि प्राचीन वाटते, त्याचे रूप वस्तुतः चार-सहा दशकांपूर्वीचे आहे.

त्यांचे वादन ऐकताना पहिली कसोटी श्रोत्याच्या धीराची लागते. आलाप षड्जापासून निघतो आणि बराच वेळ षड्जाच्या अंगणातच राहतो. मंद्र सप्तकात, त्याहूनही खाली, एकेक स्वर येतो, मागे-पुढे झुकतो, क्वचित श्रुतीच्या अंतराने हलतो. रिषभ कधी येणार याची वाट पाहावी लागते आणि तो आला की घरात कोणी जुना माणूस परत आल्यासारखे वाटते. तासभर पखवाजाला हात लागत नाही. पुढे जोड, पुढे झाला, लयीचा वेग वाढत जातो, पण तोवर ऐकणारा राहिलेला असला पाहिजे. त्यांच्या कित्येक मैफली जवळपास आलापातच संपत. ज्या काळात तबल्याबरोबरची सवाल-जवाबाची आतषबाजी टाळ्या मिळवीत होती, त्या काळात हा मार्ग धरणे म्हणजे व्यवहाराकडे पाठ फिरवणेच होते.

मग त्यांना ऐकणारे कोठून आले? ध्रुपदाला युरोपची दारे त्याआधीच किलकिली झाली होती. त्यांचे चुलत घराण्यातील थोरले डागर बंधू, नासिर मोइनुद्दीन आणि नासिर अमिनुद्दीन, १९६४ साली फ्रेंच पंडित आलँ दानिएलू यांच्या प्रयत्नाने युरोपात गाऊन आले होते. दानिएलू यांनी बर्लिनमध्ये आणि नंतर इटलीतील व्हेनिसमध्ये संगीताच्या तौलनिक अभ्यासाची संस्था उभी केली होती. शिवाय तिकडच्या तरुण पिढीचा कान त्याच वर्षांत बदलत होता. तीन मिनिटांच्या गाण्याला कंटाळलेली ही पिढी तबकडीची सबंध बाजू व्यापणाऱ्या रचना ऐकू लागली होती. इंग्लंडमधील समूहांचे नाव सर्वतोमुखी झाले; इटलीत ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’, ‘बान्को’, ‘ले ओर्मे’ यांसारख्या समूहांनी आपल्या मातीतल्या अभिजात संगीताला रॉकची जोड देऊन दीर्घ बंध बांधले आणि मायदेशाबाहेरही निष्ठावंत चाहते मिळवले. स्वर उलगडायला वेळ लागतो आणि तो देण्यात सुख आहे, हे ज्या श्रोत्याला एकदा पटले, त्याला डागरांच्या आलापाची भीती वाटण्याचे कारण नव्हते. मिलानमध्ये जन्मलेल्या अमेलिया कुनी यांच्यासारख्या गायिकेने भारतात वर्षानुवर्षे राहून डागर घराण्यातल्याच उस्ताद फहिमुद्दीन यांच्याकडे ध्रुपद शिकावे, हे याच वातावरणाचे फळ म्हणता येईल.

मोहिउद्दीन अमेरिकेत गेले ते शिक्षक म्हणून. कनेक्टिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठ आणि सिएटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ येथे त्यांनी शिकवले. गोव्याच्या वाचकांना येथे एक धागा जवळचा वाटेल. वेस्लियनमध्ये जगभरच्या संगीताच्या शिक्षणाचा पाया ज्यांनी घातला, त्या रॉबर्ट ब्राऊन यांच्याच शिफारशीवरून केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानाबरोबर अंतराळात गेली. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँ हेही मूळ ध्रुपदियांच्याच कुळातले. देशात ज्यांचे चाहते म्हातारे होत चालले होते, त्या संगीताला तिकडे विशी-पंचविशीतले शिष्य भेटत होते.

त्यांची शिकवण्याची रीत मात्र अमेरिकेतही उदयपूरचीच राहिली. वाद्य कोणतेही असो, आधी गळ्याने स्वर लावायचा, मग तो तारेवर शोधायचा. लोकसंगीतात नाव असलेले अमेरिकन वादक जोडी स्टेकर त्यांच्याकडून शिकून सूरसिंगार वाजवू लागले. फ्रेंच शिष्य फिलिप ब्रुगिएर बीन शिकले आणि पुढे पॅरिसच्या संगीत संग्रहालयात वाद्यांचे जतन करणारे अभ्यासक झाले. हे शिष्य चेंबूरच्या घरीही येऊन राहत. परदेशी चाहत्यांची नुसती वाहवा आणि शिष्यांची वर्षानुवर्षांची बैठक यांतला फरक या माणसाने नेमका ओळखला होता.

ध्रुपद परदेशी लोकांनी वाचवले, असे विधान पुष्कळदा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. परदेशाने या कलावंतांना पोट, वेळ आणि मान दिला, हे नाकारता येत नाही. आपल्याकडे त्या काळात तिन्ही गोष्टींची वानवा होती, हेही कबूल केले पाहिजे. परंतु डागर बंधूंनी तिकडे कायमचे बिऱ्हाड केले नाही. उरलेले अर्धे सत्य भोपाळमध्ये घडले.

चित्रपट दिग्दर्शक मणी कौल हे मोहिउद्दीन यांचे शिष्य. मराठी घरात वाढून हिंदीत लिहिलेले कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या साहित्यावर कौल यांनी १९८० साली ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला. त्याच्या संगीतासाठी त्यांनी धाकटे फरिदुद्दीन यांना बोलावले. फरिदुद्दीन तेव्हा ऑस्ट्रियात शिकवीत होते. ते आले आणि मध्य प्रदेश शासनाने त्यांच्यापुढे भोपाळमध्ये राहून शिकवण्याचा प्रस्ताव ठेवला. १९८१ साली उस्ताद अल्लाउद्दीन खाँ संगीत अकादमीच्या छत्राखाली ध्रुपद केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी १९८२ रोजी, बड्या तलावाच्या काठी भारत भवनाचे उद्घाटन झाले. त्याचे वास्तुकार चार्ल्स कोरिया मूळ गोमंतकीय कुळातले. मांडवीकाठची आपली कला अकादमी त्यांचीच. अशा त्या दिवसांच्या भोपाळात चित्रकार, कवी, नाटककार आणि गवई एकमेकांच्या वाटेत येत होते. सरकारी खात्याकडून कलेचे भले होते यावर सहसा कोणी विश्वास ठेवत नाही. येथे ते झाले.

केंद्रात निवडलेल्या मुलांना शिष्यवृत्ती होती. पोटाची चिंता नको, रियाज करा, एवढीच अट. उज्जैनहून उमाकांत आणि रमाकांत गुंदेचा हे बंधू आले. उज्जैनचाच उदय भवाळकर हा मराठी मुलगा पंधराच्या आसपासच्या वयात आला. रोजची तालीम फरिदुद्दीन यांची आणि मोहिउद्दीन यांचे येणे-जाणे. काही मुलांना दोघांकडूनही मिळाले. भवाळकर यांच्या गाण्यातला खर्जातला ठहराव ऐकताना त्यामागे बीनेची सावली जाणवते ती यामुळेच. घराण्याबाहेरच्या, ज्यांच्या सात पिढ्यांत ध्रुपद नव्हते अशा मुलांच्या हाती या बंधूंनी ठेवा सोपवला. मुलाला सांगायचे आणि शिष्यापासून लपवायचे अशी ज्या क्षेत्राची जुनी ख्याती, त्यात ही गोष्ट लहान नव्हे. पंचवीसेक वर्षे फरिदुद्दीन भोपाळात शिकवत राहिले.

१९८२ सालीच मणी कौल यांचा ‘ध्रुपद’ हा माहितीपट आला. दोन्ही बंधू त्यात गाताना आणि वाजवताना दिसतात. जयपूरची जंतरमंतर वेधशाळा आणि जुन्या महालांचे चौक यांतून फिरत कॅमेरा शेवटी मुंबईच्या दाटीवाटीच्या छपरांवरून संथपणे सरकत जातो. दगडी महालात जन्मलेला हा आलाप पत्र्याच्या शहरात कसा नांदतो, हे दिग्दर्शकाने एकही शब्द न बोलता दाखवले आहे.

शेवटच्या दशकात मोहिउद्दीन यांचे लक्ष आणखी एका गोष्टीत गुंतले होते. पनवेलजवळच्या पळस्पे येथे त्यांनी गुरुकुल उभारले. विद्यापीठातला तास घड्याळावर चालतो. बीन शिकायची तर गुरूच्या घरी पहाटे उठून खर्ज लावावा लागतो, अशी त्यांची धारणा. ते पुरते मार्गी लागण्याआधीच, २८ सप्टेंबर १९९० रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलगा बहाउद्दीन तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याचे पहिले शिक्षण आईकडे, सतारीवर झालेले. पुढे सूरबहार आणि मग बीन असा त्याचा प्रवास. वडील गेल्यानंतर त्याची तालीम काका फरिदुद्दीन यांनी पुढे नेली. १९४६ साली थोरल्याने धाकट्यासाठी जे केले होते, ते धाकट्याने थोरल्याच्या मुलासाठी केले.

जिवंतपणी त्यांच्या नावावर ध्वनिमुद्रिका फार नव्हत्या. नंतर ब्रिटनच्या ‘निंबस’ने त्यांचा यमन काढला, आणि शिष्यांनी जपून ठेवलेली ध्वनिमुद्रणे हळूहळू बाहेर येऊ लागली. १५ मार्च १९८६ रोजी, म्हणजे सत्तावनाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, सिएटलमध्ये वाजवलेले आभोगी आणि वर्धनी हे राग अलीकडच्या काळात तबकडीवर आले. प्रकाशक स्टीफन ओ’मॅली हे ‘सन’ या रॉक समूहाचे गिटारवादक. अत्यंत संथ आणि छाती हादरवणाऱ्या खर्जासाठी हा समूह प्रसिद्ध आहे. राग म्हणजे काय हे कधी न शिकलेले त्यांचे चाहते आता ही तबकडी विकत घेऊन दिवा मालवून ऐकतात.

फरिदुद्दीन २०१३ च्या मे महिन्यात गेले. बहाउद्दीन डागर आज बीन वाजवतात आणि शिकवतात. देशी-परदेशी शिष्य पळस्प्याला येऊन राहतात. मुंबईहून गोव्याला निघालेली गाडी पळस्पे फाट्यावर महामार्ग बदलते. तेथून गुरुकुल फार दूर नाही.