विमान उडवायचं स्वप्न मोडलं, पण पठ्ठ्याने गॉडझिला उभा केला!

गॉडझिला म्हटलं की आज हॉलिवूडचे कॉम्प्युटर ग्राफिक्स आठवतात. पण पहिला गॉडझिला म्हणजे रबरी पोशाखात घामाघूम झालेला एक माणूस होता. ही करामत होती एइजी त्सुबुराया या जपानी कलाकाराची.

त्याचा जन्म १९०१ चा, फुकुशिमातल्या सुकागावाचा. लहानपणापासून विमानांचं वेड. विमान शाळेत नावही घातलं, पण शिकवणाराच अपघातात गेला आणि शाळा बंद पडली. मग गडी सिनेमात कॅमेरामन झाला. १९३३ चा किंग काँग पाहिला आणि आपणही असलंच काहीतरी करायचं, हे डोक्यात पक्कं बसलं.

संधी मिळाली ती युद्धात. १९४२ मध्ये तोहो स्टुडिओच्या युद्धपटासाठी त्याने पर्ल हार्बरवरचा हल्ला छोट्या मॉडेल्समधून हुबेहूब उभा केला. नेमकं हेच अंगाशी आलं. जपान हरला, अमेरिकेचा अंमल आला आणि प्रचारपट केल्याचा ठपका बसून १९४८ मध्ये तोहोचं दार बंद झालं. वय सत्तेचाळीसच्या घरात आणि हातचं काम गेलेलं.

काही वर्षांनी तो तोहोत परतला. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सर्गी राख पडली. त्यातला एक जण पुढे दगावला. निर्माता तोमोयुकी तानाकाला यातून कल्पना सुचली, बॉम्बने जागा झालेला राक्षस! दिग्दर्शन इशिरो होंडाकडे आलं.

त्सुबुरायाला खरं तर अवाढव्य ऑक्टोपस हवा होता. किंग काँगसारखी बाहुली एकेक फ्रेम हलवून शूटिंग करायचं, तर त्याच्या हिशोबाने सात वर्षं लागली असती. हातात होते काही महिने. मग थेट माणसालाच पोशाख चढवला. पहिला पोशाख जवळपास १०० किलोचा आणि इतका ताठ, की आतल्या हारुओ नाकाजिमाला धड चालताही येईना! त्याच्या पायाखाली मूळच्या पंचविसाव्या भागाएवढं टोकियो बांधलं. कॅमेरा जास्त वेगाने फिरवला, म्हणून पडद्यावर राक्षसाची चाल संथ आणि वजनदार दिसली. जुगाडच म्हणायचा, पण काय जमला!

३ नोव्हेंबर १९५४ ला सिनेमा लागला. सुमारे ९६ लाख तिकिटं खपली. समीक्षक मात्र चिडले. लोकांच्या ताज्या जखमांवर धंदा केला, असा आरोप झाला. १९५६ मध्ये अमेरिकेत लागलेल्या आवृत्तीत रेमंड बर हा अमेरिकी पत्रकार म्हणून घुसवला गेला आणि अणुबॉम्बबद्दलचं बरंच बोलणं कापलं गेलं. म्हणजे ज्या बॉम्बवर सिनेमा बेतला, तोच तिकडे फिका पडला.

पुढे एकामागून एक गॉडझिलापट आले. १९६६ मध्ये त्सुबुरायाच्या स्वतःच्या कंपनीने टीव्हीवर अल्ट्रामॅन आणला. जानेवारी १९७० मध्ये, ६८ व्या वर्षी, तो गेला. सुकागावाच्या रस्त्यांवर आज अल्ट्रामॅन आणि त्याच्या राक्षसांचे पुतळे उभे आहेत.