लंडनचा पेपर आणि रोह्याचा मुलगा

यूपीएससीचा निकाल लागला की आठवडाभर आपल्या मोबाइलवर एकच चेहरा फिरत असतो : देशात पहिला आलेला. किती तास अभ्यास केला, कुठला क्लास लावला, नोट्स कशा काढल्या, सगळं आपण बघतो. आज मात्र अशा एका ‘टॉपर’ची गोष्ट वाचा, ज्याच्या वेळी क्लास नव्हते आणि परीक्षा केंद्र भारतातच नव्हतं. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या कोकणातला हा मुलगा इंडियन सिव्हिल सर्व्हिस, म्हणजे आयसीएसच्या परीक्षेत पहिला आला. त्याचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

ठाण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल. ठाणे महापालिकेची १९८७ पासून चालणारी प्रशासकीय प्रशिक्षण संस्था त्यांच्याच नावाने आहे. पण ज्यांचं नाव त्या पाटीवर आहे, त्यांच्याबद्दल आपल्याला किती माहिती असतं?

रोह्याहून केंब्रिजला

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावातला. वडील वकील. लहानपण बहुतेक रोह्यात गेलं. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्हा होता. मुंबई नकाशावर जवळ, पण शिक्षणाच्या हिशोबात लांब. १९१२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली.

संस्कृतात पहिला आलेला हा मुलगा पुढे इंग्लंडला गेला, तो विज्ञान शिकायला. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांचे विषय होते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये पदवी मिळाली, वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही मिळालं. १९१८ मध्ये त्यांनी लंडनला आयसीएसची परीक्षा दिली आणि पहिला क्रमांक मिळवला. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. म्हणजे साधारण आपल्याच वयाचे!

इथे थोडं थांबा. आपण टॉपरच्या यशाकडे बघतो, पण तो ज्या दारातून आत गेला ते दार किती रुंद होतं, हे बघत नाही.

पेपर सारखा, दार नाही

आयसीएससाठी खुली स्पर्धा परीक्षा १८५५ पासून सुरू झाली. त्याआधी कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने नेमणुका व्हायच्या, म्हणजे सरळसरळ वशिला. तो बंद झाला, ही मोठीच सुधारणा होती. कागदावर भारतीयांनाही परीक्षा खुली होती. सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ. मग अन्याय कुठे होता?

अन्याय होता पेपरच्या आधी. परीक्षा फक्त लंडनला व्हायची. आधी बोटीचं भाडं, मग तिथे राहण्याचा-शिकण्याचा खर्च, आणि समुद्र ओलांडला म्हणून जातीतून बाहेर पडायची भीती. हे सगळं पार केलं तरच प्रश्नपत्रिका हातात. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले भारतीय त्यातून पार झाले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी आपल्या मुंबई इलाख्यातच काढली. साताऱ्याला ते न्यायाधीश होते. ते निवडले गेल्यानंतर परीक्षेतलं संस्कृत आणि अरबीचं वजन कमी केलं गेलं. पुढे १८७० च्या दशकाच्या अखेरीस वयाची अट २१ वरून १९ वर आणली. विचार करा, एकोणिसाव्या वर्षाच्या आत हजारो मैल दूर जाऊन परक्या भाषेत ही परीक्षा द्यायची. नियम सगळ्यांना सारखाच होता. पण त्याचा मार कोणाला बसणार होता, हे उघड होतं.

परीक्षा एकाच वेळी भारतातही घ्या, ही मागणी दादाभाई नौरोजींनी वर्षानुवर्षं लावून धरली. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्सने तसा ठराव मंजूरही केला. सरकारने तो अमलात आणला नाही. वयाची अट पुढे सैल झाली, पण केंद्र लंडनलाच राहिलं. भारतात परीक्षा सुरू झाली ती १९२२ मध्ये, अलाहाबादला. म्हणजे चिंतामणराव पहिले आले त्यानंतर चार वर्षांनी.

त्यांचं यश यामुळे लहान होत नाही. पण ते पूर्ण समजून घ्यायचं तर आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, मुलाला शिकवण्याइतपत बळ त्यांच्या घरात होतं. त्याच रोह्यात तितकीच हुशार, पण शेतावर किंवा होडीवर राबणारी मुलं असतीलच ना? त्यांची नावं कुठल्याही निकालात आली नाहीत. दोन, १९१८ च्या उन्हाळ्यात पहिलं महायुद्ध चालू होतं आणि त्यांच्या वयाची कितीतरी इंग्रज मुलं आघाडीवर होती. कुठलाही पहिला क्रमांक त्याच्या काळातून उचलून वेगळा काढता येत नाही. आपण मात्र टॉपरची मुलाखत बघताना नेमकं तेच करतो.

क्रमांकानंतरची परीक्षा

निकालानंतर त्यांच्यापुढे प्रश्न होता, ही नोकरी करायची का? देशात स्वातंत्र्याची चळवळ आणि आपण इंग्रजांचे अधिकारी? लोकमान्य टिळक तेव्हा लंडनला होते. चिंतामणराव त्यांना भेटले. नोकरी सोडू नका, उद्या स्वतंत्र देशाला कारभाराचा अनुभव असलेली माणसं लागतील, असं टिळकांनी त्यांना समजावलं.

मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. तिथे ते महसूल सचिव झाले, अर्थ सचिव झाले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवांमध्येही ते होते. १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला जागतिक बँक आणि नाणेनिधीचा पाया घातला गेला, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात ते होते. आणि याच काळात त्यांनी कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणलं!

१९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. स्टेट बँक आणि आयुर्विमा महामंडळ उभं राहण्यामागचे महत्त्वाचे निर्णय त्यांच्याच काळातले. आणि मग आलं १९५६.

मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं दिल्लीत ठरत होतं. मुंबईत आंदोलकांवर गोळीबार झाले, माणसं मेली, आणि न्यायालयीन चौकशीला सरकार तयार नव्हतं. चिंतामणरावांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं आणि सोडण्याचं कारण संसदेत उघडपणे मांडलं. आयसीएसला पहिला आलेला माणूस लोकांच्या बाजूने उभं राहण्यासाठी खुर्ची सोडून उठला. या पेपरला क्रमांक नसतो, पण आपण नाव कशासाठी लक्षात ठेवायचं ते यातच ठरतं.

पुढे १९६१ पर्यंत ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी तिथे पत्राद्वारे शिक्षणाचे अभ्यासक्रम सुरू झाले. नोकरी करत घरून पदवी घ्यायची सोय आज आपल्याला साधी वाटते. तेव्हा देशात ती नवीन होती. १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, १९७५ चा पद्मविभूषण, आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला मृत्यू. तिथे त्यांची गोष्ट संपते, पण परीक्षेच्या दाराची संपत नाही.

आजचं लंडन कुठे आहे?

आज यूपीएससीला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा असतात हजारच्या आगेमागे. १९७९ पासून परीक्षेचा साचा बदलला, आणि मुख्य परीक्षेची उत्तरं तुम्ही मराठीत लिहू शकता. पण पूर्व परीक्षेचा पेपर छापला जातो तो फक्त हिंदी आणि इंग्रजीत. पेपरफुटी रोखायला २०२४ मध्ये केंद्राने वेगळा कायदा केला, ते हवंच होतं. मात्र कायदा पेपर सांभाळतो. पेपरपर्यंत पोहोचायचा रस्ता कोण सांभाळणार?

राहनाळ, पूर्णा, वळ, काल्हेर या गोदामांच्या पट्ट्यात बघा. दिवसभर गोदामात पार्सल मोजून रात्री ‘पॉलिटी’ वाचणाऱ्या मुलासाठी पुण्याची सदाशिव पेठ किंवा दिल्लीचं राजेंद्रनगर हेच आजचं लंडन आहे. तिथलं खोलीभाडं, मेस आणि क्लासची फी म्हणजे बोटीचं भाडं. दोन-तीन अटेम्प्ट देऊन मिळालं नाही की त्याला वाटतं, आपल्यातच काही कमी. नेहमी तसं नसतं.

म्हणून तयारी सोडायची? अजिबात नाही. लंडनचं दार अरुंद आहे म्हणून चिंतामणराव थांबले नाहीत आणि दार रुंद करा म्हणणारे दादाभाईही थांबले नाहीत. आपल्याला दोन्ही करावं लागेल. आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत, एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवता येतात. तिथून सुरुवात करा. ठाण्याची संस्था खाडीच्या पलीकडेच आहे, चौकशी करून या. आणि गावात रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी एक अभ्यासिका हवी, ही मागणी ग्रामसभेत मांडा. पाच जणांनी मिळून मांडा.

उद्या यातल्या कोणाचं नाव यादीत आलं, तर सत्काराच्या भाषणात फक्त आपल्या मेहनतीबद्दल बोलू नका. तुमच्याबरोबर वाचायला बसायचा, पण पहाटेच्या शिफ्टमुळे ज्याचा पेपर बुडाला, त्याच्याबद्दलही बोला. खुर्चीत बसल्यावर तो लक्षात राहिला, तर तुमच्या क्रमांकाचा आम्हालाही काही उपयोग होईल.