ग्रे परगण्याच्या ॲग्नेसबाई

राज्यशास्त्राच्या पुस्तकात आपण लोकशाहीचा इतिहास वाचतो, तेव्हा त्यात राजधान्या असतात, पंतप्रधान असतात, घटनादुरुस्त्या असतात. मतदारसंघ मात्र क्वचितच भेटतो. वास्तविक लोकशाहीची खरी परीक्षा तिथेच होते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात आग्नेय ग्रे नावाचा असाच एक शेतकऱ्यांचा मतदारसंघ होता. त्याने १९२१ साली एका शाळामास्तरणीला देशाच्या संसदेत पाठविले आणि १९४० साली त्याच भागाने तिला घरी बसविले. या दोन निवडणुकांमध्ये ॲग्नेस मॅकफेल यांच्या आयुष्याचा ऐन काळ उभा आहे. वाचक मित्रमैत्रिणींनो, त्याची ओळख करून देण्याचा हा माझा अल्पसा प्रयत्न.

२४ मार्च १८९० रोजी ग्रे परगण्यातील प्रोटन भागात, लाकडी ओंडक्यांच्या घरात ॲग्नेसचा जन्म झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. तीन बहिणींत ती थोरली. वडील शेती सांभाळून लिलाव पुकारण्याचा धंदा करीत. पुढे हे कुटुंब ज्या खेड्यात राहायला गेले त्याचे नाव गमतीचे आहे : सिलोन! लंकेचे नाव घेऊन बर्फात बसलेले ते एक लहानसे गाव.

गावची शाळा संपल्यावर पुढे शिकायचे तर ओवेन साउंड या शहरात राहावे लागणार होते. घरी कामाला माणूस हवे होते आणि पैशाचीही ओढाताण होती. मुलीला काही काळ घरीच ठेवण्यात आले. ती मात्र हटून बसली आणि अखेर गेली. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. दहावीनंतर मी रोज एस. टी. ने तालुक्याला जावे की नाही, यावर आमच्याकडे पंधरा दिवस खल चालला होता. देश वेगळा, काळ वेगळा. पण चुलीपाशी चाललेले बोलणे बहुधा तेच असावे.

स्ट्रॅटफर्ड येथील अध्यापन विद्यालयातून १९१० साली ॲग्नेस शिक्षिका होऊन बाहेर पडली. आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात, म्हणून मीही येथून पुढे त्यांना ॲग्नेसबाईच म्हणेन. खेडोपाडीच्या शाळांत त्यांनी नोकरी केली. शाळा बदलत गेल्या, तशी मुक्कामाची घरेही बदलत गेली. शेतकऱ्यांच्या घरी राहून त्यांनी शेतकऱ्यांचे दुखणे जवळून पाहिले. परदेशी यंत्रांवर जबर जकात असल्यामुळे शेतकऱ्याला औजारे महाग घ्यावी लागत. त्याचे धान्य मात्र जगाच्या खुल्या बाजारात मिळेल त्या भावाने विकले जाई. शहरातला कारखानदार सुरक्षित, खेड्यातला शेतकरी उघड्यावर. त्यात महायुद्ध आले. शेतकऱ्यांच्या मुलांना सक्तीच्या लष्करभरतीतून दिलेली सूट सरकारने १९१८ साली काढून घेतली आणि खेडी चिडून उठली. ऑन्टॅरिओच्या संयुक्त शेतकरी संघटनेने १९१९ साली प्रांतात चक्क सरकार स्थापन केले. ॲग्नेसबाई या चळवळीत लिहू-बोलू लागल्या होत्या.

कॅनडातील स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क १९१८ साली आणि उमेदवारीचा हक्क १९१९ साली मिळाला. सर्वांनाच मिळाला असे मात्र नव्हे. तेथील आदिवासींना बिनशर्त मतदानासाठी १९६० साल उजाडावे लागले, आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहणाऱ्या आपल्या भारतीयांना १९४७ पर्यंत मत नव्हते. इकडे मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव संमत झाला तोही १९२१ मध्येच. पण त्याला मालमत्तेची अट होती.

सप्टेंबर १९२१ मध्ये डरहम गावी संघटनेच्या प्रतिनिधींची बैठक भरली. पुरुष इच्छुकांची रांग असूनही प्रतिनिधींनी ॲग्नेसबाईंना निवडले. लगेच कुरबुर सुरू झाली. बाई कशाला, हा पहिला आक्षेप. त्यांचा धर्मपंथ वेगळा, हा दुसरा. माघार घेण्यासाठी त्यांच्यावर दडपण आले. त्या हटल्या नाहीत. गावोगावी सभा घेत त्यांनी परगणा पालथा घातला. ६ डिसेंबरला मतदान झाले आणि २३५ जागांच्या संसदेत कॅनडाची पहिली स्त्री खासदार निवडून आली. इतर शहाण्यासुरत्या, श्रीमंत मतदारसंघांना जे जमले नाही, ते या शेतकऱ्यांनी करून दाखविले.

राजधानी ओटावात त्यांचे स्वागत मात्र यथातथाच झाले. वार्ताहरांचे डोळे त्यांच्या भाषणापेक्षा त्यांच्या पोशाखावर आणि टोपीवर. तब्बल चौदा वर्षे त्या सभागृहात एकट्या स्त्री होत्या. १९३५ साली दुसरी आली. त्या स्त्रियांच्या प्रश्नांपुरत्याच बोलतील ही अपेक्षा त्यांनी खोटी ठरविली. शेतमाल, जकात, खाणकामगार, वृद्धांचे निवृत्तिवेतन असे सारे विषय त्यांनी घेतले. शाळकरी मुलांना लष्करी कवायत शिकविण्याच्या अनुदानात कपात करून ते एका डॉलरवर आणावे, अशी सूचनाही त्यांनी मांडली. १९२९ साली त्या जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या अधिवेशनास गेल्या आणि तेथे निःशस्त्रीकरणाचे काम त्यांनी मागून घेतले. किंग्स्टनच्या तुरुंगात जाऊन त्यांनी कैद्यांचे हाल पाहिले व वर्षानुवर्षे सुधारणेचा पाठपुरावा केला. अखेर सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९३८ साली त्याचा अहवाल आला. विचार करा, कैद्यांच्या प्रश्नावर शेतकऱ्यांची किती मते मिळणार? तरीही ग्रेच्या मतदारांनी त्यांना १९२५, १९२६ आणि १९३० मध्ये पुन्हा निवडून दिले. पुढे मतदारसंघांची फेररचना होऊन ग्रे-ब्रूस असा नवा मतदारसंघ झाला. १९३५ साली तेथूनही त्याच आल्या.

मग १९४० उजाडले. शेतकऱ्यांची चळवळ ओसरली होती. दुसरे महायुद्ध पेटले होते, आणि शांततावादी म्हणून ख्याती झालेल्या उमेदवाराला तो काळ प्रतिकूल होता. २६ मार्चला, पन्नासाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, त्या पडल्या. लिबरल पक्षाचे वॉल्टर हॅरिस निवडून आले व १९५७ पर्यंत टिकले. मग कॉन्झर्वेटिव्ह पक्षाने त्यांनाही पाडले. १९४० सालीच सॅस्कटून शहरातील पोटनिवडणूक ॲग्नेसबाईंनी लढवून पाहिली. तेथेही हार झाली. त्या काळी खासदारांना निवृत्तिवेतन नव्हते. अविवाहित, एकट्या बाई. लेख आणि व्याख्याने यांवर त्यांनी कसेबसे दिवस काढले. तरी १९४३ साली त्या प्रांतिक विधिमंडळात गेल्या, आणि स्त्रियांना समान वेतन देणारा १९५१ चा प्रांतिक कायदा होण्यामागे त्यांचा आग्रह होता. १३ फेब्रुवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. २०१७ साली निघालेल्या कॅनडाच्या दहा डॉलरच्या विशेष नोटेवर त्यांचे चित्र आहे.

मतदार कृतघ्न, असा निष्कर्ष कोणी काढील. मला तो पटत नाही. ग्रेच्या शेतकऱ्यांनी बाईंना दया म्हणून निवडले नव्हते आणि द्वेषाने पाडलेही नसावे. त्यांनी त्यांना उमेदवार म्हणून तोलले, पुरुषाला तोलावे तसेच. मला हे तोलणेच मोठे वाटते.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. आमच्या गावीही सरपंच बाईच आहे. सही तिची, निर्णय घरच्या पुरुषांचा. राखीव जागेने दार उघडले, हे मी विसरत नाही. त्या दारातून आमच्या आळीतल्या कितीतरी बायका प्रथमच ग्रामसभेत बसल्या. पण जागा खुली असेल तेव्हा आपण काय करू? मतदार यादीत यंदा माझे नाव आले आहे. उद्या खुल्या जागेवर एखादी हुशार, परखड बाई उभी राहिली, तर आपण तिची भाषणे ऐकू की तिच्या साडीकडे पाहू? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. ते आपल्याला मतपेटीत द्यायचे आहे. शंभर वर्षांपूर्वी बर्फाळ खेड्यातल्या साध्या शेतकऱ्यांनी ते दिले होते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.