पडला, पण पुन्हा उभा राहिला : गायक जॉनी ओकीफ



गाण्याची आवड नाही असे घर आपल्यात सापडणे कठीण. लग्नाचा मांडव असो की नाताळची रात्र, सूर कानी पडला की पाय आपोआप हलू लागतात. पण ज्याच्या गाण्यावर आपण नाचतो, त्या गायकाच्या आयुष्यात काय चालले आहे याचा विचार आपण सहसा करत नाही. म्हणून आज ऑस्ट्रेलियातील एका गायकाची जीवनकथा थोडक्यात सांगतो. त्याचे नाव जॉनी ओकीफ. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसेल. पण ऑस्ट्रेलियात आजी-आजोबांच्या पिढीतील कोणालाही विचारा, ते लगेच ओळखतील.

बालपण आणि शाळा

जॉनचा जन्म १९ जानेवारी १९३५ रोजी सिडनी शहरात एका कॅथोलिक कुटुंबात झाला. वडिलांचे पिट स्ट्रीटवर फर्निचरचे दुकान होते. जॉनचे शिक्षण ख्रिश्चन ब्रदर्सच्या वेव्हर्ली कॉलेज या शाळेत झाले. मोठा भाऊ बॅरी अभ्यासात हुशार. तो पुढे वकील झाला, न्यायाधीश झाला आणि न्यू साउथ वेल्स राज्याच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाचा प्रमुखही झाला. धाकट्या जॉनचे चित्त मात्र पुस्तकात रमेना. शाळा संपल्यावर तो वडिलांच्या दुकानात काम करू लागला. एका घरातली, एका शाळेत वाढलेली दोन मुले, पण वाटा किती वेगळ्या!

त्या काळी जॉनी रे नावाचा अमेरिकन गायक भर कार्यक्रमात रडत गाण्यासाठी प्रसिद्ध होता. आपला जॉनी त्याची हुबेहूब नक्कल करी. जिथे बोलावतील तिथे तो गाऊ लागला. १९५५ च्या सुमारास ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ हा अमेरिकन चित्रपट आला. त्यातले बिल हेली यांचे रॉक अँड रोल गाणे ऐकून जॉनीला आपली वाट सापडली. नक्कल सोडून त्याने १९५६ साली ‘डी जेज’ नावाचा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. नाचाचे हॉल भाड्याने घ्यायचे, जाहिरात करायची, तिकिटे विकायची आणि रात्रभर गायचे, असा क्रम सुरू झाला. सोनेरी, लाल, फरची किनार लावलेले भडक कोट घालून तो रंगमंचावर उड्या मारी, गुडघ्यावर बसे, ओरडे. तरुण खूश, वडीलधारे नाराज!

खरे सांगायचे तर जॉनीचा आवाज फार गोड नव्हता. हे त्यालाही माहीत होते. पण त्याच्यापाशी जिद्द होती आणि लोकांना आपलेसे करण्याची हातोटी होती. असे सांगतात, की कोणतीही कंपनी रेकॉर्ड काढायला तयार होईना, तेव्हा त्याने फेस्टिवल या रेकॉर्ड कंपनीशी आपला करार झाल्याचे परस्पर वर्तमानपत्रांना सांगून टाकले! पुढे कंपनीने त्याला खरोखरच करारबद्ध केले. १९५७ साली त्याची पहिली रेकॉर्ड आली. ती फारशी चालली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेहून मोठे गायक दौऱ्यावर आले. त्यांच्यापैकी जीन व्हिन्सेंट वाटेत होनोलुलूला अडकला आणि आयत्या वेळी त्याच्या जागी जॉनीला उभे केले. नामवंत पाहुण्याला ऐकायला आलेल्या लोकांनी प्रथम हुर्यो उडवली. जॉनी मागे हटला नाही. तो गात राहिला आणि लोक हळूहळू त्याच्या बाजूने झाले. याच दौऱ्यात लिटल रिचर्ड या गाजलेल्या गायकाने धर्मकार्यासाठी रॉक संगीत सोडत असल्याचे जाहीर केले आणि तो दौरा अर्धवट टाकून मायदेशी परतला.

यादीत पहिले ऑस्ट्रेलियन नाव

आता थोडे गाण्यांच्या यादीविषयी. कोणते गाणे किती खपले, लोक कोणते जास्त मागतात, हे मोजून दर आठवड्याला क्रम लावायचा, याला ‘चार्ट’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात आज साऱ्या देशाची एकच अधिकृत यादी निघते, पण त्या काळी तशी नव्हती. प्रत्येक शहरातील रेडिओ स्टेशन आपापली यादी काढी. मार्च १९५८ मध्ये सिडनीच्या टू-यू-ई या स्टेशनने ऑस्ट्रेलियातील पहिली ‘टॉप फॉर्टी’ म्हणजे चाळीस गाण्यांची यादी जाहीर केली. पुढे डेव्हिड केंट या अभ्यासकाने १९७४ पासून देशभराची यादी काढायला सुरुवात केली आणि मागच्या वर्षांच्या जुन्या याद्या गोळा करून त्या काळाचाही हिशेब मांडला. आज आपण त्या वर्षांतील क्रमांक सांगतो, ते बहुतेक याच हिशेबावरून.

सुरुवातीच्या या याद्यांत रॉक अँड रोलची गाणी होती, पण ती परदेशी गायकांची. आपल्या मुलांना हे जमणार नाही, असेच सर्वांना वाटे. १९५८ साली जॉनीचे ‘वाइल्ड वन’ हे गाणे आले आणि हा समज मोडला. जॉनी आणि त्याच्या साथीदारांनीच ते रचले होते. एका लग्नसमारंभात झालेल्या मारामारीवरून ते सुचले, असे सांगतात. हे गाणे देशभराच्या हिशेबात विसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. विसावा क्रमांक आज आपल्याला लहान वाटेल. पण त्या यादीत पोहोचलेले ते पहिले ऑस्ट्रेलियन रॉक अँड रोल गाणे होते. एका दुकानदाराच्या मुलाने दार उघडले आणि त्यातून पुढे कितीतरी गायक आत आले. हेच गाणे अमेरिकेत जेरी ली लुईस यानेही गायले.

त्याच वर्षी जर्मनीहून आलेल्या एका तरुणीशी जॉनीचा विवाह झाला. त्यांना तीन मुले झाली.

फेब्रुवारी १९५९ मध्ये सरकारी टीव्हीवर ‘सिक्स ओक्लॉक रॉक’ हा कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता तो लागे. थोड्याच दिवसांत त्याचे सूत्रसंचालन जॉनीकडे आले आणि तो घराघरात पोहोचला. नव्या गायकांनाही त्याने आपल्या कार्यक्रमात जागा दिली. ‘शाउट’ गाजले आणि १९६० साली ‘शी इज माय बेबी’ हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. दुकान, हॉल, रेकॉर्ड, टीव्ही. चारच वर्षांत तो शिखरावर होता.

अपघात आणि आजार

पण माणसाचे समाधान शिखरावरही होत नाही. जॉनीला अमेरिका जिंकायची होती. तिथल्या कंपनीने त्याला ‘बूमरँग बॉय’ असे नाव देऊन जाहिरात केली. तो गायला, फिरला, बूमरँग फेकून दाखवले. पण म्हणावे तसे यश आले नाही. दौरे, रेकॉर्डिंग, टीव्ही यांत झोप नाही, विसावा नाही.

जून १९६० मध्ये तो गोल्ड कोस्टहून सिडनीकडे आपली लाल गाडी चालवत येत होता. केम्पसी या गावाजवळ गाडी खडी वाहून नेणाऱ्या ट्रकवर आदळली. जॉनीचा जीव वाचला, पण चेहऱ्याची आणि डोक्याची दुर्दशा झाली. दात पडले, टाके पडले, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. कोणीही वर्षभर विश्रांती घेतली असती. जॉनी मात्र काही आठवड्यांतच पुन्हा कामाला लागला.

शरीराच्या जखमा भरल्या, मनाचे काय? १९६१ साली तो पुन्हा परदेशी गेला आणि लंडनमध्ये त्याचा तोल पूर्णपणे ढळला. शुद्धीवर आला तेव्हा तो टूटिंग बेक येथील मनोरुग्णालयात होता. हात बांधलेले होते. ज्याच्या एका इशाऱ्यावर हजारो तरुण नाचत, तो परक्या देशात असा पडला होता!

बंधूभगिनींनो, त्या काळी मनाच्या आजाराविषयी कोणी उघड बोलत नसे. ताप आला तर लोक भेटायला येतात, पाय मोडला तर फळे घेऊन येतात. मन मोडले तर दार लावून घेतात. जॉनीच्या बाबतीत वेगळे काय होणार? तो बरा होऊन परतला आणि त्याच वर्षी त्याचे ‘आय एम काउंटिंग ऑन यू’ हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. लोकांना वाटले, जॉनी ठीक आहे. यादीतला क्रमांक पाहून माणसाची प्रकृती कशी कळणार? पुढील वर्षांत हा आजार पुन्हा पुन्हा उलटला. मध्येच रुग्णालय, मध्येच रंगमंच, असे चालू राहिले. दारूचा आणि नशेच्या पदार्थांचा आधार वाढला. संसारही टिकला नाही.

१९६४ साली बीटल्स ऑस्ट्रेलियात आले आणि तरुणांची आवड बदलली. टीव्हीवर जॉनीचे ‘सिंग सिंग सिंग’ सारखे कार्यक्रम चालू होते, पण नवी पिढी त्याला जुना समजू लागली. तिशीतच माणूस जुना झाला! लहान गावांतले क्लब, छोटे हॉल, मिळेल तिथे तो गात राहिला.

पुन्हा एकदा

जानेवारी १९७३ मध्ये मेलबर्नजवळ सनबरी येथे तरुणांचा मोठा संगीत महोत्सव भरला होता. लांब केसांच्या, नव्या संगीताच्या त्या गर्दीसमोर अडतीस वर्षांचा जॉनी उभा राहिला. लोकांनी त्याची टर उडवली. पंधरा वर्षांपूर्वी जीन व्हिन्सेंटच्या जागी उभा राहिला होता तेव्हा झाले, तेच! आणि जॉनीनेही तेव्हा जे केले तेच केले. तो थांबला नाही, रागावला नाही, जीव ओतून गात राहिला. कार्यक्रम संपला तेव्हा तीच मुले त्याला जाऊ देईनात. पुन्हा पुन्हा बोलावत राहिली.

१९७४ साली एका गायिकेबरोबर गायलेले ‘मॉकिंगबर्ड’ हे त्याचे गाणे यादीत आले. ते त्याचे अखेरचे हिट गाणे ठरले. १९५८ ते १९७४ या काळात त्याची एकूण २९ गाणी पहिल्या चाळिसात आली होती. त्याच वर्षी त्याने दुसरा विवाह केला. आपल्या काळातील जुन्या गायकांना बरोबर घेऊन तो गावोगावी जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करू लागला. विस्मरणात गेलेल्या त्या कलावंतांनाही पुन्हा चार टाळ्या मिळाल्या.

पण शरीर थकले होते. वर्षानुवर्षे घेतलेल्या औषधांची सवय सुटली नव्हती. ६ ऑक्टोबर १९७८ रोजी सिडनीत हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचे प्रमाण नकळत जास्त झाले होते. वय अवघे ४३.

१९८६ साली इगी पॉप या अमेरिकन गायकाने ‘वाइल्ड वन’ नव्याने गायले. १९८७ पासून ऑस्ट्रेलियाच्या सरकारी टीव्हीवरील ‘रेज’ या संगीत कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्याचाच तुकडा वाजू लागला. १९८८ साली ऑस्ट्रेलियन संगीतक्षेत्राने मानाच्या यादीत पहिली नावे घातली, त्यांत जॉनीचे नाव होते.

जॉनी संत नव्हता. त्याच्या चुका लपवण्यासारख्या नाहीत आणि मिरवण्यासारख्याही नाहीत. पण त्याच्यापासून शिकण्यासारखे बरेच आहे. लोकांनी हसे केले तरी आपले काम सोडू नये, हे एक. दुसरे, विश्रांती हा आळस नव्हे. शरीराला आणि मनाला तिची गरज असते. तिसरे, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधसुद्धा सांगितले तितकेच घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्या घरात किंवा शेजारी कोणी मनाने आजारी असेल, तर लाज वाटून ते झाकू नये. त्याला वेळेवर डॉक्टरांकडे न्यावे, त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे. सर्वांना हसवणारा, नाचवणारा माणूस घरी गेल्यावर कसा असतो, याची चौकशी करायला दोन मिनिटे पुरतात. जॉनीला टाळ्या भरपूर मिळाल्या. आपल्या ओळखीच्या जॉनीला टाळ्यांबरोबर थोडी सोबतही मिळो.