माँटेसरींचा विस्मृत वर्ग

मारिया माँटेसरी हे नाव आपल्याकडे बालवाडीशी इतके निगडित झाले आहे की, त्यांच्या कार्याचा प्रारंभ बालवाडीत झाला नव्हता याचे सहसा स्मरण राहत नाही. 1870 साली इटलीत जन्मलेल्या माँटेसरींनी 1896 मध्ये रोम येथे वैद्यकीय पदवी संपादन केली. तेथील वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलेली मंदबुद्धी मुले पाहून, या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, अशा निष्कर्षाप्रत त्या आल्या. 1898 मध्ये तुरीनच्या शिक्षणपरिषदेत त्यांनी तो मांडला.

1900 साली अशा मुलांचे शिक्षक तयार करणारी संस्था रोममध्ये निघाली. डॉ. मोंतेसानो यांच्यासमवेत माँटेसरी तिच्या संचालक झाल्या. इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांचा आधार घेऊन त्या स्वतः मुलांना शिकवीत आणि शिक्षकांना निरीक्षणाची सवय लावीत. त्या काळी अकरा वर्षांच्या एका मुलीला रफू करणे काही केल्या जमेना. माँटेसरींनी सुई बाजूस ठेवून तिला कागदी पट्ट्यांची वीण करावयास दिली. पट्टी एकदा वरून, एकदा खालून. त्यात ती रमली. पुढे सुई हाती येताच रफूही साधले. काम सांगण्यापूर्वी त्यातील हालचाली वेगळ्या काढून शिकवाव्यात, हा धडा त्यातून निघाला.

1901 मध्ये त्यांनी ती संस्था सोडली. 1907 च्या बालगृहाने त्यांना जगद्विख्यात केले. 1939 मध्ये त्या मद्रासला आल्या, त्याही शिक्षकांना शिकविण्यासाठीच. 1952 मध्ये हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

तो पहिला धडा मात्र आपण गिरवला नाही. 2016 च्या कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्यानंतर स्वमग्न वा मतिमंद तरुणाचे काय, आणि आपल्यामागे त्याला कोण पाहील, या चिंतेने आईबापांची झोप उडते. त्याला जेवू घालणारा सेवक मिळतो. सदऱ्याची गुंडी लावणे, भात शिजविणे, बसचे सुटे पैसे मोजणे शिकविणारा दुर्मीळ. अर्थशास्त्राच्या भाषेत, सांभाळणाऱ्याचे वेतन हा जन्मभराचा आवर्ती खर्च होय. शिकविणाऱ्याचे प्रशिक्षण ही गुंतवणूक होय. म्हणूनच प्रौढांच्या प्रत्येक केंद्रात इमारतीआधी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद झाली पाहिजे.